एका वजनाची दोन प्रतिज्ञापत्रे

इंदापूरच्या तहसील कचेरीबाहेर, लिंबाच्या पाराशेजारी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक टंकलेखन यंत्र एवढ्या सामग्रीवर मी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. कागदोपत्री मी अर्जनवीस. खेड्यापाड्यांतली माणसे मला ‘रायटर’ म्हणत. मी स्वतः त्या जागेला कार्यालय म्हणत असे आणि आजही म्हणतो. मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताने माझा मार्ग अडवला, हे मी लपवत नाही. परंतु सातबाऱ्यावरील दुरुस्ती, वारसनोंद, पाणंद रस्त्याची तक्रार, रेशनकार्डातील नाव कमी करणे, यांपैकी कोणत्याही विषयावर माझ्या हातून उतरलेला अर्ज भाषेच्या कारणावरून कधी परत आला नाही. एकच आला. तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून आला, आणि तो एका माणसाच्या वजनाविषयी होता.

हा माणूस कळसचा. आमच्याच भागातल्या एका साखर कारखान्यात तो वजनकाट्यावर कारकून होता. उसाने भरलेली गाडी काट्यावर आली की तिचे वजन घ्यायचे, ऊस टाकून रिकामी परतली की पुन्हा घ्यायचे, आणि वजाबाकी करून शेतकऱ्याच्या हाती पावती द्यायची, हे त्याचे काम. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. म्हणजे बाकावर तो असे, आणि उरलेल्या जागेत मी. त्याचे वडील हयातभर मेंढरांमागे फिरले. पुढे मेंढरे विकून घराने थोडा ऊस लावला, मुलगा कारखान्यात चिकटला. घरात आता तो, त्याची बायको आणि म्हातारी आई, अशी तीनच माणसे.

एके दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. माझ्या खुर्च्यांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून तो नेहमीप्रमाणे पारावर बसला.

“रायटर, एक अर्ज टाकायचाय.”

“कोणाचा?”

“माझाच.”

“विषय काय लिहू?”

त्याने दोन्ही हात पोटावर ठेवले. “ह्यो.”

मी हसलो; तो हसला नाही, तेव्हा मी कागद चढवला. बारामतीच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितले होते की, झोपेत त्याचा श्वास मधूनमधून बंद पडतो, हृदयावर भार येतो, आणि वजन उतरले नाही तर एखाद्या झोपेतून तो उठणार नाही. पुण्यात एक शस्त्रक्रिया नव्याने होऊ लागली होती. तीत माणसाचे पोट आतून लहान करून टाकतात, मग त्याला जास्त खाताच येत नाही. खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. कारखान्याने कामगारांचा सामुदायिक आरोग्य विमा उतरवलेला होता. पण विमा कंपनीची अट अशी की, ज्याने आधी दुसऱ्या उपायांनी वजन उतरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे आणि तरीही ज्याला यश आलेले नाही, त्याच्याच शस्त्रक्रियेचा विचार होईल. ते प्रयत्न लेखी मांडायचे होते.

मंजुरी आली तर शस्त्रक्रिया, नाही आली तर नाही. इतके सरळ प्रकरण होते.

माझ्या व्यवसायाचा एक दंडक आहे. अर्जात अर्जदाराचा दोष म्हणून कधी दिसता कामा नये. त्यानुसार मी पहिलेच वाक्य टंकलिखित केले आणि त्याला वाचून दाखवले: “अर्जदार हा बालपणापासून मिताहारी व निर्व्यसनी असून...”

“मिताहारी म्हंजी रं काय?”

“कमी खाणारा.”

“आरं, अर्जाला माझा फोटू चिकटवायचा हाय ना?”

त्याचे म्हणणे मी मनावर घेतले नाही. अर्ज गेला, आणि काही दिवसांनी परत आला. सोबतच्या पत्रात कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विचारले होते की, अर्जदाराचे आजचे वजन किती; कोणते उपाय, कधी व किती काळ केले; प्रत्येक वेळी वजन किती उतरले; आणि ते पुन्हा वाढण्याचे कारण काय. शेवटच्या प्रश्नाखाली शाईने रेघ मारलेली होती.

वजनाचाच प्रश्न आधी घ्यावा लागला. जवळच्या दवाखान्यातला काटा त्याला पेलेना. तो वर उभा राहिला की काटा फिरून टोकाला जाई आणि तिथेच थरथरत राही. अखेरीस तो कारखान्यातल्या स्वतःच्याच काट्यावर उभा राहिला आणि सहकाऱ्याने रीतसर पावती फाडली. तीत ‘वाहनाचा प्रकार’ आणि ‘उसाची जात’ हे रकाने कोरे होते.

“शेतकरी रोज म्हंत्यात, काटा मारता म्हनून,” तो पावती माझ्यापुढे ठेवत म्हणाला. “आज म्या सोता वर हुबा राह्यलो. मारला असता तर बरं झालं असतं.”

बारामतीच्या डॉक्टरांनी त्याच पावतीच्या पाठीवर सहीशिक्का दिला, आणि तो प्रश्न मिटला.

मग उपाय. ते मी त्याच्या तोंडून पारावर बसवून उतरवून घेतले, आणि उतरवता उतरवता माझ्या बालमित्राविषयीचा माझा आदर वाढत गेला. गळीत हंगाम सुरू झाला की दरवर्षी तो काहीतरी सुरू करी. एक वर्ष पहाटे कोमट पाण्यात मध आणि लिंबू. एक वर्ष कालव्याच्या कडेने पळणे. ते चांगले चालले होते, पण वस्तीवरची कुत्री मागे लागत आणि लोक कालव्यावर येऊन बसत, कुत्र्यांकडे पाहायला की त्याच्याकडे, हे त्याला कळत नसे. एक वर्ष कारल्याचा रस. एक वर्ष बारामतीच्या वैद्यांचे चूर्ण. त्याने वजनाऐवजी झोप उतरली. एकदा बारामतीतल्याच एका आहारतज्ज्ञ बाईंनी छापील तक्ता दिला. त्यात सकाळी सात वाजता सफरचंद होते. कळसला सकाळी सात वाजता सफरचंद कुठून येणार? बायकोने त्या जागी पेरू धरला, पेरूचा हंगाम संपल्यावर काकडी धरली, आणि तो तक्ता तिने मोठ्या निष्ठेने भिंतीला खिळ्यावर टांगला. उपासही झाले. सोमवार, गुरुवार, शनिवार. आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी.

“खिचडी लिहायची नाही,” मी म्हणालो.

“लिव्ह. खोटं नगं. तूप बी लिव्ह.”

आणि आश्चर्य असे की, दरवर्षी वजन खरोखर उतरत होते. संक्रांतीपर्यंत त्याची पँट ढिली पडे, काट्यावरच्या खोलीतल्या खुर्चीच्या हातांमध्ये तो अडकत नसे. आणि ऐन उन्हाळ्यापर्यंत उतरलेले सगळे परत येऊन त्यावर थोडे आणखी चढलेले असे. मी विचारले, “का?”

तो म्हणाला, “लिव्ह, अर्जदार खादाड हाय.”

मी लेखणी खाली ठेवली. चार महिने सफरचंदाच्या जागी काकडी खाणारा माणूस पाचव्या महिन्यात आपोआप खादाड होत नाही, एवढे मानवी स्वभावाचे ज्ञान मला माझ्या पारावर मिळालेले होते. साक्षीदारांचे जबाब घेणे आवश्यक होते. सबब, पुढच्या सुट्टीच्या दिवशी कोरे कागद, शाईचे पॅड आणि चष्मा घेऊन मी एस.टी.ने कळसला गेलो.

त्याची आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. अंगावर मूठभरही मांस नसलेली, उन्हाने वाळलेली बाई. नऊवारीत तीच आहे की नुसते लुगडे वाळत ठेवले आहे, असा प्रश्न पडावा. तो बाजूला लिंबोणीच्या सावलीत बाजेवर पडलेला होता, नुकताच जेवून. मला गुळाचा चहा आला, पाठोपाठ शेंगदाण्याचे दोन लाडू आले. मी विषयाला हात घातला.

“मावशी, कागदावर लिहायचं आहे की, तुमच्या मुलाचं वजन...”

तिने हात वर केला. “रायटर, त्याचं वजान तोंडानं म्हनू नगा. दिस्ट लागंल.”

आतून त्याची बायको बोलली, “आत्याबाई, दिस्ट लागायला मानूस एका नजरंत मावाय पायजे.”

“तू गप गं. खात्यापित्या घरचं लेकरू हाय माझं. कागदावर काय लिव्हनार? आमच्यात पोराला उपाशी मारत्यात म्हनून? सरकारी कागदावर?”

तिची अडचण मला समजली. जगात कोणत्याही घरातली बाई, आमच्या घरी माणूस उपाशी राहिला, असे अंगठा उठवून लिहून देणार नाही. मी तिला मंजुरीचे महत्त्व समजावत होतो, तेवढ्यात बायको हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच बसली.

“भावजी, मी सांगती. लिव्हा. दिवाळीपासनं मी ह्यांना खाली आनती, आन् शिमगा झाला की आत्याबाई वर चढीवत्यात. देवाची तुला असती ना चैतात.”

ही गुळाची तुला मलाही माहीत होती. गावातल्या सगळ्यांनाच माहीत होती. परंतु तिचा आणि माझ्या अर्जाचा काही संबंध असेल, हे मात्र कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

हा मुलगा जन्मला तेव्हा मेंढरांचा वाडा, म्हणजे धनगरांचा फिरता तळ, कोकणाच्या वाटेवर होता. दिवस भरण्याआधीच, वाटेतच तो झाला. इतका लहान, की बरोबरच्या बायकांनी त्याच्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. आईने तिथेच देवाला बोलून टाकले: हे जगले तर दरवर्षी जत्रेला ह्याच्या भारोभार गूळ वाहीन. पहिल्या वर्षी गावच्या देवळात वाण्याची तागडी आणून एका पारड्यात मूल आणि दुसऱ्यात गूळ घातला, तेव्हा गूळ एका परातीत मावला. दुसऱ्या वर्षी परातीत मावला नाही, आणि ती बाई गावभर सांगत सुटली. तेव्हापासून एक वर्ष चुकले नाही. पोर मोठे झाले तशी वाण्याची तागडी जाऊन बारामतीच्या अडत्याकडून मोठा काटा येऊ लागला. देवळापुढच्या वडाला तो टांगायचा, एका पारड्यात हा बसायचा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी चढायच्या, भंडारा उधळायचा, आणि तो सगळा गूळ फोडून गावात वाटायचा. कळसची एक अख्खी पिढी त्याच्या वजनाचा गूळ खाऊन वाढली आहे. त्यांत मीही आलो.

ज्या वर्षी गूळ मागच्या वर्षापेक्षा जास्त लागे, त्या वर्षी ती निश्चिंत असे. देवाने वर्षभर हात राखला, याचा तो पुरावा. आणि सुनेने दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत उतरवलेला मुलगा पाहिला की ती त्याचे दंड चाचपून पाही. गूळ कमी लागला तर? म्हणून शिमग्याची राख विझली की ती चुलीचा ताबा घेई. पहाटे तूप-गुळाचा मलिदा, दुपारी दुधात कुस्करलेली भाकरी, रात्री काहीतरी निमित्त काढून पुरणपोळी. सून माहेरी गेली, शेतात गेली, नुसती पाणी आणायला गेली, तरी ताट भरे.

“मंग काय करू?” म्हातारी म्हणाली. “देवाला काय सांगू, पोरगं कमी झालं म्हनून? मानूस कमी व्हतंय म्हंजी काय व्हतंय, मला न्हाय ठावं व्हय? त्याचा बाप असाच कमी कमी होत गेला.”

सुनेने फक्त बाजेकडे बोट केले.

बाजेवर तो झोपी गेला होता आणि मोठ्याने घोरत होता. म्हातारीच्या तोंडावर समाधान पसरले. “बगा, कसा झोपलाय.”

“आता ऐका,” सून म्हणाली.

घोरणे थांबले. शेंगांचे सूप म्हातारीच्या मांडीवर तसेच राहिले. आम्ही तिघेही बाजेकडे पाहत होतो. छाती वर येऊन तिथेच अडकली होती. अंगणात कोंबडी टोचत होती, तेवढाच आवाज. मी स्वतः श्वास धरला होता, आणि तो मला सोडावा लागला, तरी त्याचा सुटला नव्हता. मग एकदम, पाण्यातून डोके वर काढल्यासारखा, त्याने हिसका देऊन श्वास ओढला, कूस बदलली, आणि पुन्हा घोरू लागला.

“रोजचं हाय,” सून हळू म्हणाली. “मी बसून आसती. लई वेळ झाला की हालीवती.”

“मला का न्हाय सांगितलंस?”

“तुमी म्हनायच्या, बगा कसा झोपलाय.”

म्हातारीने सूप खाली ठेवले. उठून बाजेपाशी गेली, त्याच्या नाकापुढे बोट धरून उभी राहिली. बराच वेळ. मग परत येऊन माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि म्हणाली, “लिव्हा.”

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ जबाब घेतले. सांगणारा माणूस नेहमी थोडे गाळतो, थोडे घालतो. ते सरळ करणे हेच माझे कसब. या बाईने मला काही सरळ करू दिले नाही. तिने प्रत्येक वर्ष कोणत्या खुणेने लक्षात ठेवले होते, ते ऐकत राहावे असे होते. कागदावर तिच्याच तोंडचे उतरले ते असे: कालव्याचा भराव फुटला त्या वर्षी त्याने मध-लिंबू घेतले होते. मी मलिदा चारला. गूळ मागच्यापेक्षा अर्धी ढेप जास्त लागला. पांढरी शेळी व्याली त्या वर्षी कारल्याचा रस; मी रस ओतून दिला आणि पेल्यात ताक भरले; एक ढेप जास्त. तक्ता भिंतीवर लागला त्या वर्षी मला वाचता येत नव्हते, म्हणून मी तक्त्याकडे पाठ करून वाढले. लिहिता लिहिता मी तिला एकदा सुचवले की, ‘मातृसुलभ वात्सल्यापोटी’ असे शब्द घालू. ती म्हणाली, “नगं. म्या चारलं, असं लिव्हा. त्यो मागत न्हवता, असं बी लिव्हा.”

अंगठा उठवल्यावर तिने मला बजावले, “त्याला ह्यो कागूद वाचून दाखवायचा न्हाय. त्याला काय वाटंल.”

संध्याकाळी तो मला फाट्यापर्यंत पोचवायला आला. दर थोड्या अंतरावर तो थांबे आणि उसाच्या पिकाविषयी काहीतरी बोले, म्हणजे दम लागला आहे हे मला कळू नये. फाट्यावर मैलाच्या दगडावर टेकून तो म्हणाला, “आईनं काय सांगितलं?”

“ते गोपनीय आहे.”

“मला म्हाईत हाय सगळं. कारल्याच्या रसाचं ताक झालं, तर कळत न्हाय व्हय जिभंला?” तो हसला. “रायटर, ती ताट घिऊन माझ्या म्होरं बसायची. सून येती का म्हनून एक डोळा दाराकडं. म्या घास घेतला की तिचं तोंड बगावं. आता तूच सांग, हात आडवा कसा धरायचा? कितीदा धरायचा?” मग म्हणाला, “तिचं नाव कागदात यायला नगं. परक्या मानसांनी वाचून म्हनावं, आईनं मारला म्हनून? माझं वेगळं लिव्हून घे. अर्जदार खादाड हाय, जिभंवर ताबा न्हाय, घरच्यांनी लई सांगितलं पन ऐकलं न्हाय. आन् तिला कळू द्यायचं न्हाय.”

एस.टी. आली. मी खिडकीशी बसलो, आणि कळस मागे पडेपर्यंत मला चष्मा पुसावा लागला. माझ्या पाराशी भाऊ भावावर ढकलतो, बाप लेकावर ढकलतो. सगळ्या अर्जांचा मजकूर अखेर ‘मी नाही, तो’ एवढाच असतो. ‘तो नाही, मी’ असे सांगणारी दोन माणसे, आणि तीही एकाच घरातली, माझ्या टेबलापुढे कधी आली नव्हती.

प्रतिज्ञापत्रावर शपथ घ्यायला दोघांनाही कचेरीत यावे लागणार होते. मी त्यांना वेगवेगळे दिवस सांगितले; परंतु म्हातारीला दिवसांचा हिशेब जमेना, आणि दोघे एकाच एस.टी.तून, एकाच बाकावरून उतरले. तिने त्याला सांगितले होते की ती डोळे दाखवायला आली आहे. त्याने तिला सांगितले होते की त्याचे बँकेत काम आहे. मी म्हातारीला चहाच्या टपरीवर बसवून त्याची सही उरकली. मग त्याला खरोखरच बँकेकडे पिटाळले आणि म्हातारीला आत नेले. तहसीलदार साहेबांनी दोन्ही कागद एकापाठोपाठ वाचले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, आणि सह्या केल्या. परतीच्या गाडीत मी त्यांना बसवून दिले, तेव्हा तिने विचारले, “झालं का रं बँकेचं?” तो म्हणाला, “झालं. डोळं काय म्हंत्यात?” “बरं हायत,” ती म्हणाली.

आता पेच माझा होता. एकाच प्रकरणात परस्परविरुद्ध दोन प्रतिज्ञापत्रे जोडणे म्हणजे प्रकरण स्वतःच्या हाताने बुडवणे, हे कोणताही नवशिकाही सांगेल. एक काढून टाकावे, तर कोणते? दोन दिवस मी ते कागद टेबलाच्या खणात ठेवले. तिसऱ्या दिवशी दोन्ही जोडले आणि वर माझ्या हस्ताक्षरात, टंकलिखित नव्हे, एक टिपण लिहिले. त्याची प्रत आजही माझ्याकडे आहे: “सोबतची दोन्ही कथने परस्परविरोधी दिसत असली, तरी दोन्ही शपथेवर आहेत व दोघांनीही एकमेकांच्या अपरोक्ष केलेली आहेत. वजन उतरवण्याचे अर्जदाराचे प्रयत्न खरे होते. ते ज्यामुळे विफल झाले, ती गोष्ट औषधाने बरी होणारी नाही. सबब विनंती अर्ज.” माझ्या व्यावसायिक जीवनातले ते सर्वोत्तम टिपण आहे, असे माझे नम्र मत आहे.

पुण्याहून दोघा मायलेकांना बोलावणे आले; माझा सल्ला लागेल म्हणून मीही बरोबर गेलो. वैद्यकीय अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी माझे टिपण वाचले, मग दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, “यातलं खरं कोणतं?”

मी उत्तर द्यायला घसा साफ केला. पण म्हातारी आधी बोलली. “दोन कुठनं आलं?”

बाईंनी, तिला ते माहीत असेल असे धरून, मुलाचा कागद वाचून दाखवला. म्हातारी ऐकत राहिली आणि तिच्या मानेच्या शिरा ताठ होत गेल्या.

“खादाड? सोताला खादाड म्हनून लिव्हलंस? सरकारी कागदावर?” ती त्याच्याकडे वळली, आणि मग, अधिक रागाने, माझ्याकडे. “आन् तुमीबी टायीप केलंत? माझ्या घरचा च्या पिऊन?”

“आगं, मीच सांगितलं त्याला...”

“तू बोलू नगंस. बाई, ह्याचं काय ऐकू नका. लहानपनापासनं ह्यानं ताटात कदी मागून घेतलं न्हाय. म्या वाढलं. आमच्या देवाला गूळ लागतो, म्हनून वाढलं.”

तो मान खाली घालून बसला होता. त्याचा खांदा हलत होता. हसतोय की रडतोय, हे मला मागून कळेना. बाईंनी कागद मिटले. त्यांनी म्हातारीला समजेल अशा शब्दांत सांगितले की, शस्त्रक्रियेनंतर ह्याच्या पोटात एका वेळी लहानशा वाटीएवढेच अन्न मावेल; त्याहून जास्त दिले तर त्याला त्रास होईल, केलेले सगळे फुकट जाईल. “शिमगा झाला की तुम्ही काय कराल, आजी?”

हा प्रश्न खरा. बाकी सगळे प्रश्न त्यापुढे मामुली होते. म्हातारी कमरेला बांधलेली पिशवी बोटांनी चाचपत होती. “वाडल्याबिगर मला ऱ्हायचं न्हाय,” ती अखेर म्हणाली. “खोटं कशाला सांगू? वाटी म्याच भरीन. पन वाटी तुमी द्या.”

बाईंनी कप्प्यातून स्वतःचा जेवणाचा डबा काढला, त्यातली चटणीची छोटी स्टीलची वाटी रुमालाने पुसली आणि म्हातारीच्या हातात ठेवली.

मंजुरीचे पत्र महिन्याभरात आले. शस्त्रक्रिया पावसाळ्यात झाली. सुनेने मला नंतर सांगितले की, ती वाटी म्हातारी उशाशी घेऊन झोपे; तिच्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही भांड्यातून ती त्याला काही देत नसे, आणि कोणाला देऊ देत नसे. सून म्हणे, “आत्याबाई, एवडं पिठलं जास्त झालं.” म्हातारी बोटाने वरचे पिठले पुसून स्वतः चाटून टाकी आणि वाटी पुढे करी. शिमगा आला आणि गेला. वाटी तीच राहिली.

पण चैत्र जवळ येऊ लागला तशी ती अस्वस्थ झाली. तो आता इतका उतरला होता की, काट्यावर ओळखीचे शेतकरी त्यालाच विचारत, आधीचे कारकून कुठे बदलून गेले. तो अंगणात झोपे आणि घोरणे कुठे अडकत नसे. आता बाजेपाशी म्हातारीच जाऊन ऐके. तरी देवाचा हिशेब तिला सुटत नव्हता. तिने कोणाला न विचारता बारामतीच्या अडत्याला निरोप धाडला: मागच्या वर्षी पाठवल्या तेवढ्याच ढेपी पाठवा.

जत्रेच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. वडाला काटा टांगला होता. तो एका पारड्यात मांडी घालून बसला; दुसऱ्यात गडी ढेपी चढवू लागले. निम्म्याच्या पुढे ढेपी गेल्या आणि त्याचे पारडे जमिनीवरून सुटले. जन्मात पहिल्यांदा तो आणलेल्या गुळापेक्षा हलका झाला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी ओरडले, “धरा रं, उडून जाईल!” गुरव म्हणाला, “बास, भरलं. बाकीच्या ढेपी बाजूला ठेवा.”

“चढवा,” म्हातारी म्हणाली.

“आजे, भार झाला की. नवस येवडाच.”

“देवाला ठावं हाय, मागल्या वर्साला किती दिलं त्ये. चढवा.”

शेवटची ढेप चढली. गुळाचे पारडे जमिनीवर टेकले, आणि तो वर, माणसांच्या डोक्यांच्या बरोबरीने, दोराला धरून लोंबकळत राहिला. गुरव हात कमरेवर ठेवून पाहत होता. म्हातारीने काठी माझ्या हातात दिली, लुगड्याचा ओचा खोचला आणि म्हणाली, “मला वर द्या.”

दोघा गड्यांनी तिला उचलले. उचलायला एक पुरला असता. पूर्वी त्या पारड्यात त्याच्याखेरीज कोणाला बोटभर जागा नसे, आणि त्याला बसल्यावर मांडी अशी उरतच नसे. पोट गुडघ्यांपर्यंत येई. आता मांडी होती. म्हातारी तिच्यावर बसली, दोन्ही हातांनी त्याची मान धरली, आणि पारडे सावकाश खाली येऊ लागले.

ते बरोबर मध्यावर थांबले, असे लिहायला मला आवडले असते. परंतु ते थोडे वरच राहिले. गुरवाने ते पाहिले, अडत्याच्या माणसाने पाहिले, आणि गुरवाने गुळाच्या पारड्यातून एका ढेपीचा कोपरा फोडून म्हातारीच्या हातात दिला. दांडी सरळ झाली. भंडारा उधळला.

खाली उतरवायला गडी पुढे झाले, तर ती म्हणाली, “थांबा रं. हालवू नगा. देवाला नीट बगू द्या.” मुलाने वर बसल्या बसल्या माझ्याकडे पाहिले आणि डोळा मिचकावला. तिच्या मुठीतला गुळाचा खडा तिने तेवढ्यात त्याच्या तोंडाशी नेला होता. मग आठवण होऊन हात मागे घेतला, आणि तो तिने स्वतःच्या तोंडात टाकला.